काळ्या पिशवीतली सुई

अतिदक्षता विभागात नऊ वर्षं काढल्यावर एका दुपारी मेट्रननं मला केबिनमध्ये बोलावलं आणि उद्यापासून संसर्ग नियंत्रणाचं काम तुझ्याकडं, असं सांगितलं. ऐकायला ती बढती होती. स्वतंत्र टेबल, पाळ्या बंद, रविवारची सुट्टी पक्की. पण त्या कामाचा मोठा भाग म्हणजे दवाखान्याचा कचरा, हे आमच्यातल्या सगळ्याजणींना माहीत होतं. चहा पिताना एक मैत्रीण म्हणाली, “आता तू कचरेवाली सिस्टर.” सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आईला फोन करून बढती मिळाल्याचं सांगितलं, कचऱ्याचं काही बोलले नाही. पैठणकडच्या शेतकरी घरातून शिकून नर्स झालेली मी पहिलीच मुलगी. आईनं ते गल्लीभर सांगितलं असणार, आणि त्यात कचरा यावा असं मला वाटत नव्हतं.

आमचा दवाखाना शहरातल्या मधल्या आकाराच्या खासगी दवाखान्यांपैकी एक. मागच्या बाजूला जनरेटर आणि त्याला लागून पत्र्याची एक खोली. दाराला कुलूप, दारावर धोक्याची खूण असलेली पाटी. सगळ्या वॉर्डांच्या पिशव्या तिथं जमायच्या आणि सकाळी शहराबाहेरच्या प्रक्रिया केंद्राची गाडी येऊन त्या घेऊन जायची. रक्तानं भिजलेला कापूस, बँडेज, शस्त्रक्रियेत काढलेला भाग पिवळ्या पिशवीत, कारण तो जाळायचा. सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. फुटलेल्या काचेसाठी निळा खोका. सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्यात. आणि काळ्या पिशवीत घरच्यासारखा कचरा: डब्यातलं उरलेलं जेवण, केळीची सालं, कागद. हे सगळं सांगणारा रंगीत तक्ता प्रत्येक वॉर्डात लावलेला होता. तो वाचायला कुणाला वेळ नव्हता.

खोलीचं काम एका मावशींकडं होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं किरकोळ, पण दोन्ही हातांत दोन भरल्या पिशव्या घेऊन जिना उतरताना त्यांचा श्वास वाढायचा नाही. बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यातून त्या पहाटेच्या एसटीनं यायच्या. त्यांचे मालक मेंढरं राखायचे. चरायची रानं एकेक करून कुंपणात गेली, तशी मेंढरं कमी होत गेली आणि मावशी शहरात कामाला आल्या. त्या दवाखान्याच्या नव्हत्या, सफाईच्या ठेकेदाराच्या होत्या. हा फरक तेव्हा मला कागदावरचा वाटायचा.

पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला काम शिकवलं. पिशवी उचलून जरा हलवायच्या, कान द्यायच्या आणि सांगायच्या, “ही जनरल वॉर्डाची. जड हाय म्हंजी उरल्यालं सलाईन न वतताच टाकलंय. अन् हिच्यात काच हाय.” मी विचारलं, “तुम्हाला कसं कळतं?”

“रोज उचलतीय, सिस्टर. बाळंतपणाच्या वॉर्डाची पिशवी तर मी डोळं मिटून सांगीन.”

त्याच आठवड्यात गाडीच्या ड्रायव्हरनं दोन लाल पिशव्या परत केल्या. त्यात पोळीभाजी निघाली होती. व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. “पिशव्या परत आल्या की पुढं नोटीस येते. कसंही करा, पण पिशव्या नीट गेल्या पाहिजेत.”

मी वॉर्डावॉर्डांत फिरले. एका सिस्टरकडं बारा-बारा पेशंट. इंजेक्शन दिलं की सिरिंज जवळच्या डब्यात जायची, मग तो डबा कुठल्या का रंगाचा असेना. पांढरा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, औषधांच्या कपाटावर ठेवलेला असायचा. एका सर्जनना मी ऑपरेशन थिएटरबाहेर गाठलं, तर ते म्हणाले, “सिस्टर, आम्ही टाके घालायचे की डब्यांचे रंग बघायचे?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी काहीतरी बावळटासारखं विचारते आहे असं त्यांना खरोखर वाटलं होतं.

मग मी सोपी वाट धरली. मावशींना म्हणाले, “गाडी यायच्या आत एकदा पिशव्या उघडून बघत जा. चुकीचं असेल ते काढून दुसऱ्या पिशवीत टाका.”

हे करायचं नसतं, हे मला माहीत होतं. कचरा जिथं तयार होतो तिथंच वेगळा करायचा आणि एकदा बांधलेली पिशवी पुन्हा उघडायची नाही, हे त्या कामातलं पहिलं वाक्य. प्रशिक्षणात मी ते वहीत अधोरेखित केलं होतं. पण दवाखान्यातल्या कुणालाही न दुखवता पिशव्या नीट पाठवायच्या, तर ते एकाच माणसाकडून करून घेता येत होतं, आणि ते माणूस कधी नाही म्हणत नव्हतं.

जाड हातमोजे मागवले. आले ते पुरुषी मापाचे. मावशींच्या हातात ते असे लोंबायचे की गाठ सुटायची नाही. चार दिवस वापरून त्यांनी ते खिळ्याला टांगले आणि वॉर्डातले पातळ मोजे एकावर एक दोन चढवून काम करू लागल्या. मी बघितलं. छोट्या मापाचे मागवू म्हणाले, आणि ते राहून गेलं.

पिशव्या परत यायच्या थांबल्या. व्यवस्थापक खूश झाले. बैठकीत माझं कौतुक झालं, तेव्हा मला बरं वाटलं.

असेच पाच-सहा महिने गेले आणि दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी ठरली. बाहेरचे लोक येऊन दोन दिवस सगळं बघणार होते. आदल्या दिवशी माझ्या टेबलावर फायलींचा ढीग होता. पाण्याचे अहवाल, हात धुण्याच्या नोंदी, कचऱ्याची वजनं. दुपारी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सिस्टर, जरा बोलायचं व्हतं.”

“बोला ना.” मी मान वर केली नाही.

“काळ्या पिशवीत सुई व्हती. टोचली.”

“रक्त आलं?”

“थोडं आलं.”

“वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणानं धुवा. चांगली पाच मिनिटं. मग मी बघते.”

त्या तिथंच उभ्या राहिल्या. “त्याला सुई घ्यावी लागती का काही?”

“तुमचे काविळीच्या लसीचे डोस झालेत ना?”

“कसले डोस?”

तेवढ्यात फोन वाजला. तपासणीच्या माणसांच्या गाडीबद्दल विचारत होते. मी फोनवर हात ठेवून म्हणाले, “धुऊन या मावशी, मग बोलू.” त्या गेल्या, धुऊन आल्या आणि दारातूनच मला बोट दाखवलं. मी फोनवरच होते. मान हलवली. त्या निघून गेल्या.

काय करायला हवं होतं ते माझ्या टेबलामागच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेलं होतं. सुई टोचली की ताबडतोब कळवा. दोन तासांच्या आत तपासणी. सुई कुणाची असेल त्याचा शोध. औषध, लस, गरज असेल तर काविळीविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. पुढं सहा महिने लक्ष. हे मी नव्या नर्सना शिकवायची. शिकवताना चित्रंही काढायची.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी महिन्याचा तक्ता भरला. त्यात एक रकाना होता: सुई टोचल्याच्या घटना. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की कामाच्या गडबडीत मी विसरून गेले होते. ते खरं नाही. तो रकाना भरताना मला मावशींचं बोट आठवलं होतं. मी पेन टेकवून थोडी थांबले आणि ‘निरंक’ लिहिलं.

तपासणी चांगली झाली. पेढे वाटले. एक पेढा मी मावशींना नेऊन दिला. त्यांनी तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, मालकांना आवडतो म्हणाल्या.

तीनेक महिन्यांनी, एका सोमवारी, त्या पिशव्या मोजताना भिंतीला टेकून बसल्या. मी वजन लिहून घेत होते. विचारलं तर म्हणाल्या, “जेवण जात नाय. अंगात काय राह्यलंच नाय बघा.” उजेडाकडं तोंड करून त्यांनी माझ्याकडं बघितलं, तेव्हा डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं दिसलं. गळ्यात झाडपाल्याच्या काड्यांची माळ होती. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक माणूस होता, त्यानं घातली होती. “माळ लांबली की कावीळ उतरली म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना त्याच पावली आमच्या फिजिशियनकडं नेलं. हे वयस्कर डॉक्टर, कमी बोलणारे, पेशंटचं पूर्ण ऐकून घेणारे. त्यांनी पोट तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि विचारलं, “मावशी, गेल्या काही महिन्यांत कधी सुई टोचली होती का? काम करताना?”

मी मावशींच्या खुर्चीच्या मागं उभी होते. मावशींनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“नाय सायेब. मला तर आठवत नाय.”

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी केसपेपर हातात घेतला आणि त्यांना घेऊन रक्त काढायच्या खिडकीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. हेपॅटायटिस बी, रक्तातून पसरणारी कावीळ. यकृताचे आकडे इतके वाढलेले होते की लॅबमधल्या माणसानं पुन्हा तपासून बघितलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसांत बहुतेक वेळा हे आपोआप निवळतं, पण लक्ष ठेवावं लागेल. घरी आराम, आठवड्यानं पुन्हा रक्त. ‘बहुतेक वेळा’ हा शब्द मी धरून ठेवला.

आठवडा भरायच्या आतच मावशी घरात भलतंसलतं बोलू लागल्या. माणसं ओळखेनात. दिवसभर झोप, आणि उठल्या की मेंढरांना हाका. मालकांनी आणि पुतण्यानं त्यांना जीपमध्ये घालून शहरात सरकारी दवाखान्यात आणलं. मला ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून कळलं. मी दुपारी गेले, तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि हात कॉटला पट्टीनं बांधलेले होते, कारण त्या नळ्या उपसत होत्या. मी जवळ जाऊन “मावशी” म्हणाले. त्यांनी डोळे उघडले, माझ्या अंगावरच्या पांढऱ्या कोटाकडं बघितलं आणि पुन्हा मिटले. तिथल्या सिस्टरला मी रक्त गोठायला किती वेळ लागतोय ते विचारलं. यकृत निकामी होत गेलं की तो वेळ वाढत जातो. तिनं आकडा सांगितला. तो ऐकल्यावर मला पुढचं काही विचारायचं राहिलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या राऊंडवर असताना सुपरवायझरचा फोन आला. “ती मावशी गेली, सिस्टर. उद्यापासून दुसरी बाई पाठवतो, तुमचं काम अडणार नाही.”

मी बरं म्हणाले. राऊंड पूर्ण केला. मागच्या खोलीत गेले, तर त्या दिवशीच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. जाड मोजे खिळ्याला होते.

पंधरा-वीस दिवसांनी मावशींचे मालक आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला टोपी, पायात जाड चपला. वॉचमननं त्यांना माझ्याकडं पाठवलं. त्यांच्या हातात धुऊन घडी घातलेला निळा ॲप्रन आणि ओळखपत्र होतं.

“हे जमा करायचं असंल म्हणून आणलंय.”

मी त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेला बसले. पाणी घेतलं. मग म्हणाले, “सिस्टर, एक विचारायचं व्हतं. रागवू नका.”

“विचारा ना, काका.”

“ती सुई कुणाची व्हती?”

 मी म्हणाले, “ते आता सांगता येणार नाही. काळ्या पिशवीत होती. कुठल्या वॉर्डातून आली तेसुद्धा कळायला मार्ग नाही.”

“तसं नाय. मला भांडायचं नाय कुणाशी. ज्याची व्हती त्यो बरा झाला का, तेवढंच इचारतोय. कुणीतरी बरं व्हायला आलं असंल ना इथं.”

मी समोरची फाईल मिटली. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. “काका, सुई टोचली त्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या होत्या. मी कामात होते. नुसतं धुवायला सांगितलं. इंजेक्शन द्यायला हवं होतं, तपासायला हवं होतं. मी केलं नाही. वेळेवर केलं असतं तर कदाचित हे झालं नसतं.”

त्यांनी मान खाली घातली. “सांगितलं व्हतं तिनं. घरी आल्यावर बोट दावलं मला. म्हणली, सिस्टरनं साबणानं चांगलं पाच मिन्टं धुवाया लावलं. आपल्याला इचारतंय कुणीतरी, म्हणली.”

ते उठले. ॲप्रन टेबलावर ठेवला आणि गेले. मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेले.

त्या आठवड्यात संसर्ग नियंत्रण समितीची बैठक होती. मुख्य डॉक्टर, व्यवस्थापक, फिजिशियन, ते सर्जन, मेट्रन आणि मी. इतर विषय संपल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पिशव्या मागच्या खोलीत उघडल्या जात होत्या, त्या मीच उघडायला लावत होते, सुई टोचल्याचं मला कळवलं होतं आणि मी ‘निरंक’ लिहिलं.  मी कागदावरून वाचून दाखवलं.

व्यवस्थापक म्हणाले, “कशावरून त्या सुईमुळेच झालं? कावीळ पाण्यानंही होते. खेड्यात तर सर्रास होते.”

फिजिशियन म्हणाले, “ही पाण्याची कावीळ नव्हती. रिपोर्ट मी बघितलाय.”

“ठीक आहे. पण जुन्या घटनेची नोंद आता करू नका. प्रमाणपत्राचा प्रश्न आहे.”

मी नोंद केली. नोंद करत होते त्या दिवसाचीच तारीख घातली, ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: घटना मला कळवली होती, मी नोंदवली नाही. खाली सही केली. मला मेमो मिळाला. तो माझ्या फाईलला आहे. कामावरून काढतील असं वाटलं होतं, काढलं नाही. ते काम घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही त्याचं कारण असेल.

त्यानंतर मी मागच्या खोलीत पिशव्या उघडणं बंद केलं. नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं, बांधलेली पिशवी उघडायची नाही, कुणीही सांगितलं तरी, मी सांगितलं तरी. चुकीची पिशवी दिसली की तिला वॉर्डाच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि ती आली तिथं परत न्यायची. ती न्यायचं काम मी माझ्याकडं घेतलं, कारण त्या बाईनं नेली असती तर तिलाच शिव्या बसल्या असत्या.

पहिले काही आठवडे वाईट गेले. ज्या सिस्टर्सबरोबर मी नऊ वर्षं डबा खाल्ला, त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मेडिकल वॉर्डाच्या इन्चार्जनं पिशवी माझ्या टेबलाखाली आणून ठेवली. एकदा थिएटरच्या पिवळ्या पिशवीतून ब्लेडचं टोक बाहेर आलेलं दिसलं. ती पिशवी ट्रेमध्ये घालून मी थिएटरच्या दारात नेऊन ठेवली आणि शेजारी उभी राहिले. ते सर्जन बाहेर आले.

“हे काय आहे?”

“तुमच्या थिएटरची पिशवी आहे, सर. आत ब्लेड आहे. ज्यांनी टाकलं त्यांनीच चिमट्यानं काढून पांढऱ्या डब्यात टाकायचं.”

“ही कामं करायला माणसं आहेत ना?”

“एक होती, सर.”

ते वळले. आत गेले. थोड्या वेळानं थिएटरची सिस्टर चिमटा घेऊन आली. त्यानंतरही थिएटरच्या पिशव्या लगेच सुधारल्या असं नाही. पण ब्लेड मोजून डब्यात टाकायची पद्धत तिथं सुरू झाली, आणि ती त्याच सर्जननी सुरू केली असं मला नंतर मेट्रनकडून कळलं.

नुसतं रागावून काही होत नव्हतं, हेही मला वॉर्डात तासन्‌तास उभं राहिल्यावर दिसलं. पांढरा डबा वीस पावलं लांब असेल तर बारा पेशंट असलेली नर्स तिथवर जाणार नाही. म्हणून डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीलाच बांधला. सुई कापायचं छोटं यंत्र प्रत्येक ट्रॉलीवर दिलं. नातेवाइकांसाठीचा काळा डबा पलंगापासून उचलून दाराबाहेर नेला, म्हणजे सुई हातात असताना तो जवळ सापडणारच नाही. एवढ्या साध्या गोष्टी. मावशी असताना त्या करायला कुणी अडवलं नव्हतं.

लसीचं मात्र भांडावं लागलं. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, “सिस्टर, माझी माणसं तीन महिने टिकत नाहीत. तुमचे डोस सहा महिन्यांचे. कशाला घालवता?” फिजिशियन तिथं होते. ते म्हणाले, “मग जेवढे होतील तेवढे घेऊन जाऊ दे. लस दवाखान्यात ठेवायची नसते, माणसात ठेवायची असते.” शेवटी असं ठरलं की पहिला डोस घेतल्याशिवाय कुणालाही ॲप्रन द्यायचा नाही. ते अजून चालू आहे. छोट्या मापाचे जाड मोजेही आले.

आणि सुई टोचल्याच्या घटना वाढल्या. म्हणजे रजिस्टरात वाढल्या. आधी महिनोन्‌महिने कोरा असलेला तो रकाना भरू लागला. व्यवस्थापकांनी मला विचारलं, “एवढं सगळं करूनही आकडा वरच का जातोय?” मी सांगितलं, “टोचत आधीही होतं, सर. आता लोक सांगताहेत.” त्यांना ते पटलं नाही. पण त्यांनी मला तो आकडा कमी करायलाही सांगितलं नाही.

सगळेच सांगत होते असंही नाही. गेल्या वर्षी पन्नाशीचे एक मामा सफाईला आले. आधी बांधकामावर होते, कंबर गेल्यावर इकडं वळले. एका सकाळी ते डावा हात खिशात घालून एका हातानं पोछा मारताना दिसले. मी हात दाखवा म्हणाले, तर बराच वेळ दाखवेनात. शेवटी काढला. तर्जनीला चिंधी गुंडाळलेली होती.

“कधी झालं?”

“काल. दुपारी.”

“सांगितलं का नाही?”

ते इकडंतिकडं बघून म्हणाले, “मागं एका बाईनं सुई टोचली म्हणून सांगितलं, तर तिला काढलं म्हणे. लोक बोलतेत.”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. “काढलं नाही, मामा. त्या वारल्या. त्यांनी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही, म्हणून वारल्या.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग हात पुढं केला. त्यांना आमच्याकडं येऊन आठच दिवस झाले होते, लसीचा एकच डोस झाला होता. त्या दिवशी त्यांना मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. रक्त काढलं, काविळीविरुद्धचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, एचआयव्हीसाठीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी त्यांना खूप मळमळायचं. रोज सकाळी येऊन ते माझ्यासमोर गोळी घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. महिना पूर्ण केला. सहा आठवड्यांची तपासणी ठीक आली, तीन महिन्यांचीही. मग ते काम सोडून गेले. सुपरवायझरला पत्ता नव्हता, फोन बंद.

सहा महिन्यांची तपासणी राहिली होती. लॅबमधला एक माणूस त्यांच्या ओळखीचा निघाला. त्याच्याकडून कळलं की ते चिकलठाण्याच्या पुढं एका चाळीत राहतात. एका रविवारी मी सिरिंज, नळी आणि सुईसाठी एक छोटा पांढरा डबा घेऊन तिथं गेले. मामा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मला बघून घाबरले. रिपोर्टमध्ये काही निघालं म्हणून मी आले, असं त्यांना वाटलं.

“काही नाही निघालं. शेवटचं रक्त राहिलंय फक्त.”

“इतक्या लांब त्याच्यासाठी आलात?”

त्यांनी बाही वर केली. मी ओट्यावरच रक्त काढलं. सून आतून चहा घेऊन आली आणि काय चाललंय ते दारात उभी राहून बघत राहिली. मामांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. सुई डब्यात टाकली, झाकण दाबलं, नळीवर नाव लिहिलं. चहा फार गोड होता. तो संपेपर्यंत मामा एका शाळेतल्या वॉचमनच्या कामाबद्दल बोलत राहिले. बसून असतं म्हणाले, कंबरेला बरं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. मी दुपारी फोन केला, तो सुनेनं उचलला. ते कामावर गेलेत, रात्री येतील म्हणाली. मी म्हणाले, त्यांना सांगा, दवाखान्याच्या सिस्टरचा फोन होता, सगळं ठीक आहे. तिनं विचारलं, “काय ठीक आहे?” मी म्हणाले, त्यांना कळेल. फोन ठेवला आणि सर्जिकल वॉर्डाची एक लाल पिशवी परत करायची होती, ती घेऊन वर गेले.